शेरा

पत्र मुंबईहून आलं, मुंबईला दिल्लीहून.
विषय : देशांतर्गत पेट्रोरसायन शुद्धीकरण क्षमता
व तत्संबंधी धोरण यांचा अभ्यास.
मुदत नव्वद दिवस.
आमच्या टेबलावर पोचेस्तोवर
त्यातले एकाहत्तर वाटेतच खर्ची पडले होते.

साहेब म्हणाले, नाशकात कुठली आलीय रिफायनरी?
निरंक लिहा, पाठवून द्या.
मी म्हणालो, प्रपत्र 'ड' आहे साहेब,
उताराकडच्या उद्योगांचं.
त्यांनी चष्मा पुसला.
मग जा उताराला.

अंबडला, बंद पडलेल्या वजनकाट्यामागं,
हेमांगी खैरनारांची शेड.
मशिनं दोन. एक चालू,
द्राक्षांचे क्रेट पाडतंय, दर चाळीस सेकंदांना एक.
दुसऱ्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर
कामगारांचे जेवणाचे डबे.
विचारलं, स्थापित क्षमता?
दोन.
वापरातली?
बाई डब्यांकडं बघत राहिल्या.
'आज दाणा काय भाव आहे ते सांगा,
मग सांगते.'

दाणा म्हणजे बाजरी नव्हे इथं.
पांढुरका, मुगाएवढा, पंचवीस किलोच्या गोणीतला,
मुठीत घ्यावा तर बोटांच्या फटीतून पळतो.
कोंबड्यासुद्धा एकदाच फसतात, बाई म्हणाल्या.
गोणीवर दूरच्या कुठल्या बंदराचं नाव,
त्यांच्या धाकट्यानं पेनानं त्याला मिशा काढलेल्या.
'एवढं तेल गाळतो म्हणता आपण,
मग हा दाणा आपल्याकडं पुरेसा का होत नाही?'
मी प्रपत्र पुढून मागून चाळलं.
हा प्रश्न त्यात नव्हता.
आणि मला तर फक्त विचारायची मुभा होती.

पानेवाडीला निघालो तर एसटी चांदवडला पंक्चर.
पोचलो तेव्हा उन्हं
टाक्यांच्या पांढऱ्या पोटांवरून घसरायला लागलेली,
टँकरांची रांग पार फाट्यापर्यंत.
रशीद मणियार, चौतीस वर्षं याच धंद्यात,
झाकण उघडून पितळी गज आत सोडत होते.
वर काढला, ओल कुठवर चढलीय पाहिली,
खडूनं दारावर आकडा मांडला, पुसला,
थांबले.
काय झालं?
'तेल अजून हलतंय.
हलत्या टाकीत गज घातला की आकडा खोटा.'
किती वेळ लागतो बसायला?
'गाडी कुठून आली त्यावर आहे.
रस्त्यावर आहे.'
बिडी त्यांनी खिशात चाचपली, काढली नाही,
इथं काढत नाहीत.
'आणि घाई कोणाला आहे, त्यावर पण.'

रात्री कचेरीत एकच ट्यूबलाइट.
बाई, क्रेट, रांग, खडू,
सगळं रकान्यांत बसवलं, दोन दशांशांपर्यंत.
शेवटी शेरा. रकाना दीड इंचाचा.
बारीक अक्षरात लिहिलं :
'सदर मोजणी टाकी हलत असताना केली आहे.'
खाली सही. मग हुद्दा.

चौदा महिन्यांनी अहवाल आला,
दोन खंड, कागद इतका गुळगुळीत की शाई बसेना.
नाशिक दुसऱ्या खंडात, परिशिष्ट सातमध्ये,
'इतर जिल्हे' या ओळीत
धुळ्यात, जळगावात मिसळून गेलेलं.
शिफारस एकतीस : क्षमता वाढवावी.
शिफारस बत्तीस : त्यासाठी स्वतंत्र अभ्यास हाती घ्यावा.
शेऱ्याचा रकाना छापलेलाच नाही.

दुसरं मशीन खैरनारबाईंनी सिन्नरला विकलं असं ऐकतो.
डबे आता कुठं ठेवतात, कोण जाणे.

त्या दिवशी एक दाणा माझ्या खिशातून आला होता,
चोरी म्हणा.
तो टेबलाच्या खणात असतो.
खण ओढला की
या टोकापासून त्या टोकापर्यंत घरंगळत जातो,
आपटतो, परत येतो, अर्ध्यात रेंगाळतो.
तो थांबेपर्यंत
मी आतल्या कुठल्याच कागदाला हात लावत नाही.